जिंकत असताना गाडी बदलणं : सॅमी मिलर, १९६४-६५

१९६४ साल संपत आलं तेव्हा मोटारसायकलस्वार सॅमी मिलरला काहीही बदलायची गरज नव्हती. ब्रिटनमधलं ट्रायल्सचं, म्हणजे अवघड वाटांवर तोल राखत मोटारसायकल चालवण्याच्या खेळाचं, राष्ट्रीय अजिंक्यपद १९५९ पासून ओळीने त्याच्याकडेच होतं. १९६४ च्याच मे महिन्यात स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही सहा दिवसांची स्पर्धा त्याने दुसऱ्यांदा जिंकली होती. गाडी होती एरियल या ब्रिटिश कंपनीची, ५०० सीसीची, नंबर जीओव्ही १३२. या खेळाच्या जुन्या शौकिनांना हा नंबर आजही तोंडपाठ असतो. आणि अशा सगळ्या सुरळीत चाललेल्या वेळी मिलरने एरियल सोडली. ज्या स्पॅनिश कारखान्याचं ट्रायल्समध्ये तोवर नाव नव्हतं, त्या बुल्ताकोच्या निम्म्या क्षमतेच्या टू-स्ट्रोक गाडीवर तो बसला. पुढच्या मे महिन्यात तीच सहा दिवसांची स्पर्धा त्याने या नव्या गाडीवर जिंकली. टू-स्ट्रोक गाडीने ती स्पर्धा जिंकण्याची ही पहिली वेळ, आणि परदेशी गाडीने जिंकण्याचीही.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘हलक्या गाडीने जड गाडीला हरवलं’ अशी सांगितली जाते. सांगायला सोपी आहे आणि खोटीही नाही. पण मिलर तर दोन्ही गाड्यांवर जिंकला होता! मग बदललं काय, आणि त्याचा फायदा नेमका कुणाला झाला, हे या प्रकरणातले खरे प्रश्न आहेत.

खेळ कसा असतो

ज्यांनी ट्रायल्स कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे वेगाला फारसं मोल नाही. ओढ्याचं पात्र, निसरडे खडक, चिखलाचा चढ, झाडांच्या मुळांची गुंतागुंत अशा जागी दोऱ्या-झेंड्यांनी छोटे छोटे टप्पे आखलेले असतात. त्यांना सेक्शन म्हणतात. स्वाराने पाय न टेकता, न थांबता सेक्शन पार करायचा. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, जास्त वेळा टेकला की तीन, गाडी थांबली, पडली किंवा हद्दीबाहेर गेली की पाच. शेवटी ज्याच्या नावावर सगळ्यात कमी गुण तो विजेता. सेक्शनच्या कडेला निरीक्षक उभा असतो, आणि त्याने जे पाहिलं तेच खरं.

त्या काळी दर्जा कुठवर पोचला होता हे एका आकड्यावरून कळतं. १९६१ मध्ये गॉर्डन जॅक्सनने एजेएस गाडीवर स्कॉटिश सिक्स डेज जिंकली ती सहा दिवसांत फक्त एक गुण गमावून. म्हणजे डोंगरदऱ्यांतले सहा दिवस, आणि एकदाच टेकलेला पाय. त्या पाय टेकण्याची चर्चा ब्रिटनमध्ये अजून होते.

अशा खेळात गाडीला ताकद किती यापेक्षा ती ताकद मागच्या चाकापर्यंत कशी पोचते, याला महत्त्व येतं. पुढचं सगळं याच एका वाक्यावर उभं आहे.

मिलर तिथवर कसा आला

मिलरचा जन्म बेलफास्टचा, १९३३ चा. सुरुवातीला लोक त्याला रस्त्यावरच्या शर्यतींचा खेळाडू म्हणूनच ओळखत. १९५७ मध्ये इटालियन मोंदियालच्या कारखाना-संघाकडून तो २५० सीसीच्या जागतिक अजिंक्यपदात तिसरा आला. त्याच वर्षी आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत शेवटच्या लॅपला गव्हर्नर्स ब्रिजच्या वळणावर तो पडला आणि गाडी ढकलत नेऊन पाचवा आला. जिथे वेग सगळ्यात कमी करावा लागतो तिथेच तो पडला. पुढे ज्याचं नाव मंद वेगावरच्या हुकमतीसाठी घेतलं गेलं, त्याच्या बाबतीत हे घडावं ही गंमतच.

त्या हंगामाच्या अखेरीस मोंदियाल, गिलेरा आणि मोटो गुत्सी या तिघांनीही शर्यतींतून अंग काढून घेतलं. कारखान्याने हात वर केले की स्वाराचं काय होतं, हे मिलरने वयाच्या चोविसाव्या वर्षी पाहिलं. माझ्या मते १९६४ चा निर्णय समजून घ्यायचा तर हा अनुभव विसरून चालत नाही. त्यानंतर त्याने सगळं लक्ष ट्रायल्सकडे वळवलं. बर्मिंगहॅमच्या सेली ओक भागात एरियलचा कारखाना होता, तिथल्या स्पर्धा विभागात त्याने काम धरलं. म्हणजे आठवडाभर कार्यशाळेत गाडी घडवायची आणि सुट्टीच्या दिवशी तीच स्पर्धेत चालवायची.

ही जोडकामगिरी फार कमी लोक लक्षात घेतात. जीओव्ही १३२ मुळात एरियलची एचटी-५ जातीची गाडी. दुकानात मिळणारी एचटी-५ चांगलीच वजनदार असे. मिलरने आपल्या गाडीवरचं वजन वर्षानुवर्षं खरवडून काढलं. हलक्या नळीची फ्रेम, फायबरग्लासचे भाग, हलक्या धातूचे सुटे भाग, जिथे शक्य तिथे कपात. शेवटी ती सुमारे ११० किलोवर आली. ५०० सीसीच्या फोर-स्ट्रोक गाडीसाठी त्या काळात हे वजन अचाट होतं. त्यामुळे मिलर ज्या गाडीवर जिंकत होता ती गाडी कुणालाही विकत मिळत नव्हती.

पेच

आता परिस्थिती नीट मांडू. एरियल ही स्वतंत्र कंपनी राहिलेली नव्हती, ती बीएसए या ब्रिटिश मोटारसायकल समूहाच्या मालकीची होती. १९५९ मध्ये एरियलने फोर-स्ट्रोक गाड्यांचं उत्पादनच थांबवलं आणि सगळी भिस्त लीडर या नव्या टू-स्ट्रोक प्रवासी गाडीवर ठेवली. म्हणजे मिलरची अजिंक्यपदांची मालिका सुरू झाली त्याच वर्षी त्याच्या गाडीची जात बाजारातून गेली. पुढली पाच वर्षं तो ज्या यंत्राची जाहिरात करत होता, ते यंत्र विक्रीला नव्हतं. साठीच्या दशकाच्या सुरुवातीलाच सेली ओकचा कारखानाही आवरता घेतला गेला.

कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर हिशेब सरळ आहे. जे विकत नाही त्यावर स्पर्धेचा खर्च का करायचा? समूहाकडे ट्रायल्ससाठी बीएसएची स्वतःची २५० सीसीची फोर-स्ट्रोक होती, आणि ती लॅम्पकिन भावांच्या हातात उत्तम चालत होती. थोरल्या आर्थरने १९६३ ची स्कॉटिश सिक्स डेज तिच्यावरच जिंकली होती. तेव्हा हलक्या गाडीकडे वारा वाहू लागला होता, हे मिलरच्या आधीही दिसत होतं. टू-स्ट्रोकचंही तसंच. डॉन स्मिथने १९६४ चं युरोपीय पद ग्रीव्हज या ब्रिटिश टू-स्ट्रोक गाडीवर मिळवलं होतं. मिलरने आभाळातून काही आणलं असं नाही.

तर त्याच्यापुढे वाटा किती होत्या? एक, आहे ती एरियल चालवत राहायची, सुटे भाग संपेपर्यंत. दोन, समूहातल्याच दुसऱ्या गाडीवर बसायचं, पण तिथे आधीच भावाभावांचा संघ होता आणि गाडीची दिशा दुसऱ्यांनी ठरवलेली होती. तीन, बाहेर जायचं. तिसऱ्या वाटेवर धोका मोठा होता, पण त्या वाटेवर एक गोष्ट मिळत होती जी पहिल्या दोन वाटांवर नव्हती. तिथे कोऱ्या कागदावर गाडी मांडता येणार होती.

बार्सिलोनाजवळच्या बुल्ताको कारखान्याचे मालक फ्रान्सिस्को बुल्तो. ते आधी माँटेसा कंपनीत भागीदार होते. शर्यतींवरचा खर्च थांबवायचा की नाही यावरून तिथे फाटलं आणि १९५८ मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली. शर्यत संपल्याची खूण असलेल्या चौकड्यांच्या झेंड्याच्या मागे बाजारपेठ जाते, अशी त्यांची धारणा होती आणि ते ती बोलूनही दाखवत. खेळ परवडत नाही म्हणून हात आखडणाऱ्या कंपन्या मिलरने दोनदा पाहिल्या होत्या. खेळासाठी कंपनी सोडणारा मालक त्याला पहिल्यांदाच भेटत होता.

चाकाखालचा प्रश्न

इथे जरा थांबायला हवं, कारण प्रकरणाचा गाभा यंत्रात आहे.

ओल्या खडकावर चढायचंय असं समजा. समोर गुडघाभर उंचीची पायरी, तिच्याआधी शेवाळलेला सपाट दगड. वेग घेऊन येण्याइतकी जागा नाही. स्वार पायपट्ट्यांवर उभा आहे, दोन बोटं क्लचवर. पुढचं चाक पायरीवर चढलं की सगळं वजन मागच्या चाकावर येतं, आणि त्या क्षणी मागच्या चाकाने घसरायचं नसतं. घसरलं की इंजिन भरकन फिरतं, चाक जागच्या जागी दगड पुसत राहतं, गाडी थांबते, पाय टेकतो.

मोठी फोर-स्ट्रोक इथे का चालायची? एरियलचं इंजिन ४९९ सीसीचं, सिलिंडरचा व्यास ८१.८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९५ मिलिमीटर. लांब धाव, जड फ्लायव्हील (इंजिनाची गती टिकवणारं फिरतं चाक), मंद फिरणं. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा ठिणगी पेटते. मंद गतीत दोन धक्क्यांच्या मधे टायरला पुन्हा पकड घ्यायला उसंत मिळते. जड फ्लायव्हील मधल्या रिकाम्या वेळात इंजिनाला बंद पडू देत नाही. उतारावर थ्रॉटल मिटलं की तेच इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, ब्रेकला हात लावावा लागत नाही. ब्रिटिश ट्रायल्सची एक अख्खी पिढी या ‘ठक-ठक’ चालीवर वाढली होती, आणि तिला टू-स्ट्रोकचा अविश्वास वाटत असे तो उगाच नव्हता.

टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला ठिणगी. ताकद वरच्या गतीत एकदम येते, खाली काहीच नसतं. थ्रॉटल अगदी कमी ठेवलं तर इंजिन अडखळत, कधी पेटत कधी न पेटता चालतं, आणि नेमकं तेव्हाच स्वाराला एकसारखा ओढा हवा असतो. उतारावर मागे धरून ठेवणं जवळजवळ नाही. एवढ्या उण्या बाजू असूनही तिच्याकडे एक जमेची बाजू होती, आणि ती मोठी होती. झडपा नाहीत, कॅम नाही, वरचा सगळा डोलारा नाही. इंजिन लहान, हलकं आणि खाली बसणारं. बुल्ताकोची शेर्पा टी तयार झाली तेव्हा तिचं वजन साधारण नव्वद किलोच्या आसपास भरलं. मिलरने जिवापाड हलक्या केलेल्या एरियलपेक्षाही ती वीसेक किलोने कमी.

वीस किलोचा फरक खडकाच्या पायरीवर काय करतो? ११० किलोच्या गाडीला स्वार दिशा देतो, ९० किलोच्या गाडीला स्वार उचलतो. चुकीच्या रेषेत गेलेलं पुढचं चाक कंबरेच्या झटक्याने हवेत उचलून पुन्हा हवं तिथे टाकता येतं. सहा दिवसांच्या स्पर्धेत शेवटच्या दोन दिवशी हाताच्या दंडांत किती जीव उरतो, यावरही तो फरक बोलतो. पण हे सगळं तेव्हाच, जेव्हा ते छोटं इंजिन मोठ्या इंजिनासारखं शांतपणे ओढेल. वजनाचा फायदा सगळ्यांना दिसत होता. अडलं होतं ते इंजिनाच्या चालीपाशी.

सान अन्तोनिओ

१९६४ च्या शरदात मिलर स्पेनला गेला. बुल्तो कुटुंबाच्या सान अन्तोनिओ या मळ्यावर, तिथल्या खडकाळ ओढ्यांत चाचण्या झाल्या. जेमतेम दोन आठवड्यांच्या आत गाडीचं मूळ रूप ठरलं. बुल्ताकोकडे त्याआधी शेर्पा एन नावाची एक सर्वसाधारण रानवाटांची गाडी होती, पण मिलरला हवी होती ती गाडी तिच्यातून थोडीफार दुरुस्ती करून निघणारी नव्हती.

इतक्या कमी वेळात हे कसं जमलं, याचं उत्तर मला फार साधं वाटतं. मिलर शोधायला गेला नव्हता, सांगायला गेला होता. पाच-सहा वर्षं एकाच गाडीवर एकेक भाग बदलून त्याने जे टिपलं होतं, ते सगळं त्याच्या डोक्यात तयार होतं. दोन चाकांमधलं अंतर किती हवं, पुढच्या काट्याचा कोन किती उभा हवा म्हणजे गाडी जागच्या जागी वळते, इंजिनाखाली दगडापासून किती मोकळीक हवी, पायपट्ट्या कुठे हव्यात, फ्लायव्हील किती जड हवं. एरियलवर या प्रश्नांची उत्तरं त्याला माहीत होती, पण सगळी अमलात आणता येत नव्हती, कारण मूळ इंजिनाची उंची, वजन आणि फ्रेमची ठेवण आड येत होती. इथे फ्रेम नव्याने बेतायची होती.

इंजिन २४४ सीसीचं, व्यास ७२, धाव ६०. आकड्यांवरूनच दिसतं की एरियलच्या अगदी उलट स्वभावाचं. त्याला मवाळ करण्यासाठी वरच्या गतीतली ताकद मुद्दाम सोडून दिली आणि खालच्या गतीतला ओढा वाढवला. शर्यतींतून नाव कमावलेल्या कारखान्याला ताकद कमी करायला सांगणं, तेही बाहेरून आलेल्या माणसाने, ही सोपी गोष्ट नव्हे. बुल्तो स्वतः हौशी स्वार होते, तक्रारीमागचं कारण त्यांना कळत होतं. माझा अंदाज असा की मोठ्या, टेबलं-टिपणांच्या कारखान्यात हेच काम वर्षभर रेंगाळलं असतं. इथे मालक, कारागीर आणि स्वार एकाच ओढ्यात उभे होते. सकाळी सांगितलेला बदल कुणाच्या सहीसाठी थांबत नव्हता.

एरियलवर मिळवलेलं ज्ञान अशा रीतीने बुल्ताकोत उतरलं. शेर्पाला स्पॅनिश गाडी म्हणतात ते बरोबरच आहे, पण तिच्यातली निम्मी अक्कल सेली ओकची होती. ज्या ब्रिटिश कंपनीने ती पोसली तिला तिचा एक पैसाही मिळाला नाही.

निकाल, आणि निकालातली अडचण

१९६५ ची स्कॉटिश सिक्स डेज मिलरने जिंकली. १९६७ आणि १९६८ ची सुद्धा. ब्रिटिश अजिंक्यपद १९६९ पर्यंत त्याच्याकडेच राहिलं. सलग अकरा वर्षं, त्यातली पहिली सहा मुख्यतः एरियलवर आणि पुढची पाच बुल्ताकोवर. १९६८ आणि १९७० मध्ये तो युरोपचा विजेता झाला. जागतिक अजिंक्यपद तेव्हा अस्तित्वात नव्हतं, युरोपीय पद हेच शिखर होतं. कारकिर्दीत लहानमोठ्या मिळून हजाराहून अधिक ट्रायल्स त्याने जिंकल्या.

पण आता प्रकरण अभ्यासाला शोभेल अशी शंका काढू. १९६४ ला एरियलवर पहिला, १९६५ ला बुल्ताकोवर पहिला. स्वार तोच, स्पर्धा तीच, क्रमांक तोच. यावरून गाडी चांगली होती हे सिद्ध होतं का? खरं तर होत नाही. यावरून स्वार चांगला होता एवढंच सिद्ध होतं.

उलट पुरावाही आहे. १९६६ ची स्कॉटिश सिक्स डेज ॲलन लॅम्पकिनने बीएसएच्या २५० सीसी फोर-स्ट्रोकवर जिंकली, मिलरची शेर्पा मैदानात असताना. १९६९ ची बिल विल्किन्सनने ग्रीव्हजवर जिंकली. म्हणजे शेर्पा आली आणि ब्रिटिश गाड्या रातोरात गारद झाल्या, हे चित्र घाईचं आहे. त्या पाच वर्षांत बाकीच्यांना हरणं भाग नव्हतं.

फोर-स्ट्रोक विरुद्ध टू-स्ट्रोक हा वादही मला दुय्यम वाटतो. चाळीसेक वर्षांनी, २००७ मध्ये, स्पेनचा स्वार टोनी बोऊ बरोबर उलट दिशेने गेला. बेटा कंपनीची टू-स्ट्रोक सोडून तो माँटेसाच्या फोर-स्ट्रोकवर बसला आणि त्याच वर्षी मैदानी आणि बंदिस्त अशी दोन्ही जागतिक पदं जिंकला. २०२४ पर्यंत त्याने एकही वर्ष दोन्हींपैकी एकही पद सोडलं नाही, एकूण ३६. टू-स्ट्रोक चांगली की फोर-स्ट्रोक, यावर मग कोण काय बोलणार!

तर शेर्पाचा परिणाम मिलरच्या निकालांत शोधणं हीच चूक आहे. तो शोधायचा तिसाव्या-चाळिसाव्या क्रमांकाच्या स्वारांत. मिलरची एरियल हा एकच नग होता. दुकानातून एचटी-५ घेणाऱ्याला तिच्या आसपासचं काहीही मिळत नसे, वजन, फ्रेम आणि वर्षांची मेहनत यांचा फरक होता. शेर्पा मात्र कारखान्यातून निघतानाच मिलरच्या गाडीसारखी निघत होती. ज्याला महिन्यातून दोनदाच सराव जमतो अशा माणसालाही पहिल्याच दिवशी बरोबर कोनाचा काटा, बरोबर जागी पायपट्ट्या आणि न घाबरवणारं इंजिन मिळालं. अव्वल स्वाराच्या हातात या गाडीचा फायदा थोडा असेल, सामान्य स्वाराच्या हातात तो प्रचंड होता. मिलरने आपलं गुपित विकायला काढलं, असंही म्हणता येईल.

मग बाकीच्यांनीही तेच केलं

स्पेनमधल्या शेजाऱ्यांनी हा नमुना उचलायला वेळ लावला नाही. माँटेसाने १९६८ मध्ये कोटा ही ट्रायल्सची गाडी आणली आणि डॉन स्मिथला आपल्याकडे घेतलं. १९६९ चं युरोपीय पद त्याने माँटेसावर मिळवलं. ओसाने मिक अँड्र्यूजला घेतलं आणि त्याच्याकडून गाडी घडवून घेतली. तिचं नाव एमएआर, त्यातली पहिली दोन अक्षरं त्याच्याच नावाची. अँड्र्यूजने १९७० पासून सलग तीन वर्षं स्कॉटिश सिक्स डेज जिंकली आणि १९७१, १९७२ ला युरोपीय पद. कृती सगळीकडे एकच. ब्रिटनमधला कसलेला स्वार आणायचा, त्याला कारखान्यात मोकळं सोडायचं, आणि तो जे सांगेल ते बनवून विकायचं.

मिलरची अकरा वर्षांची मालिका १९७० मध्ये गॉर्डन फार्लीने तोडली, माँटेसावर. जुन्या ब्रिटिश गाडीने त्याला रोखलं नाही. त्यानेच घालून दिलेल्या वाटेवरून आलेल्या दुसऱ्या स्पॅनिश गाडीने रोखलं. १९७५ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा पहिलं पद मार्टिन लॅम्पकिनने घेतलं, बुल्ताकोवर. आर्थर आणि ॲलनचा हा धाकटा भाऊ. त्या घराण्याने आधी बीएसएवर मिलरला तोंड दिलं आणि मग मिलरच्या गाडीवर जग जिंकलं. पुढची तीन वर्षं फिनलंडचा यर्यो व्हेस्टेरिनेन, मग १९७९ ला अमेरिकेचा बर्नी श्रायबर. पहिली पाचही जागतिक पदं बुल्ताकोची. त्याच सुमारास कारखाना कामगार तंट्यांत आणि पैशाच्या ओढाताणीत सापडला, आणि १९८३ मध्ये बंद पडला.

ब्रिटिश कारखान्यांबद्दल इथे हळहळ व्यक्त करायची रीत आहे. मला ती फारशी पटत नाही. एरियलच्या मालकांनी १९५९ मध्ये जो निर्णय घेतला तो त्यांच्या विक्रीच्या हिशेबात बसणारा होता. फक्त आपल्या स्पर्धा विभागात एक माणूस कसलं भांडार जमवतोय, याची नोंद त्यांच्या कोणत्याही वहीत नव्हती. यंत्राची किंमत लिहिता येते, माणसाच्या हाताला बसलेल्या सवयीची नाही. तो माणूस दाराबाहेर पडला तेव्हा काय गेलं, ते त्यांना दुसऱ्या कारखान्याच्या गाडीवर वाचायला मिळालं.

दुसरी चाचणी

हे सगळं एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण मिलरने तोच प्रयोग पुन्हा केला. १९७४ मध्ये तो होंडाकडे गेला, ट्रायल्ससाठी फोर-स्ट्रोक गाडी घडवायला. चाळिशी ओलांडलेला, अव्वल स्पर्धेतून जवळजवळ निवृत्त. इंग्लंडमधल्या न्यू मिल्टन गावात त्याचं दुकान होतं, हाय-बॉय नावाने तो स्वतःच्या फ्रेमही विकत होता. जुन्या गाड्यांचं त्याचं आजचं संग्रहालय त्याच गावात आहे.

होंडाकडे बुल्तोंच्या कितीतरी पट पैसा आणि अभियंते होते. मिलरकडे तेच ज्ञान, उलट दहा वर्षांची भर पडलेलं. शिवाय फोर-स्ट्रोक हे तर त्याचं माहेर. कागदावर हे काम शेर्पापेक्षा सोपं असायला हवं होतं. पण सान अन्तोनिओला जो माणूस ‘मागचं चाक सुटतंय’ असं सांगत होता, तोच दुपारी दुरुस्त गाडीवर बसून पाहत होता आणि सहा महिन्यांनी तिच्यावर स्पर्धाही जिंकत होता. होंडात चालवणारा वेगळा, सांगणारा वेगळा, बनवणारे समुद्रापलीकडे. चाकाखाली जे जाणवतं ते शब्दांत, मग रेखाचित्रात, मग धातूत उतरेपर्यंत त्यातलं थोडं थोडं गळत जातं.

यश आलं, नाही असं नाही. यॉर्कशरच्या रॉब शेफर्डने १९७७ चं ब्रिटिश अजिंक्यपद होंडावर जिंकलं. बेल्जियमच्या एडी लेजनने १९८२, १९८३ आणि १९८४ अशी सलग तीन जागतिक पदं होंडाच्या फोर-स्ट्रोकवर मिळवली, तोवर मिलरचा त्या कामाशी रोजचा संबंध राहिलेला नव्हता. शेफर्डचं पद आलं ते मिलर होंडात गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी. बुल्ताकोवर स्कॉटलंडचे सहा दिवस जिंकायला त्याला एक हिवाळा पुरला होता.